भाजी औषध नाही, हे बरंच आहे

फळं-भाज्या खाल्ल्याने रोग टळतात का, या प्रश्नावर हल्ली जो वाद रंगतो त्यात दोन्ही बाजू हमरीतुमरीवर येतात. पण दोघींचं गृहीतक एकच आहे आणि तेच चुकलेलं आहे. पहिली बाजू सांगते, अमक्या फळात तमकं द्रव्य असतं, ते रोज पोटात गेलं की कॅन्सर जवळ फिरकत नाही, रक्तवाहिन्या साफ होतात, सांधे दुखत नाहीत, वगैरे वगैरे. दुसरी बाजू स्वतःला चिकित्सक म्हणवते. ती म्हणते, पुरावा दाखवा. भाजी खाणारे लोक मुळातच शिकलेले, सुस्थितीतले, सिगारेट न ओढणारे, सकाळी चालायला जाणारे असतात. त्यांना रोग कमी होतात याचं श्रेय भाजीला कशाला? आणि त्या द्रव्यांच्या गोळ्या करून हजारो माणसांना दिल्या तेव्हा हाती काय लागलं? पहिली बाजू भाजीला औषध मानते. दुसरी बाजू, भाजी औषधाच्या परीक्षेत नापास झाली म्हणून तिचं नाव पटावरून काढून टाकते. पेपरच भलत्या विषयाचा होता, हे दोघीही बोलत नाहीत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पुरेशी फळं-भाजी खाण्याने काही रोगांपासून संरक्षण मिळतं, हे आजच्या पुराव्यावर मान्य करायला हरकत नाही. ते संरक्षण बेताचं आहे. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या बाबतीत बऱ्यापैकी भक्कम, कॅन्सरच्या बाबतीत पातळ. ते रोजच्या जेवणातून, वर्षानुवर्षं, आणि बरंचसं ताटातल्या दुसऱ्या कशाची तरी जागा घेतल्यामुळे मिळतं. म्हणून त्याचा अर्क काढून बाटलीत भरता येत नाही, आणि नुसता उपदेश करून ते कुणाला मिळवूनही देता येत नाही. हा शेवटचा मुद्दा या वादात फारसं कुणी काढत नाही. मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आधी चिकित्सकांचं जे खरं आहे ते मोकळेपणाने मान्य करू, कारण ते थोडंथोडकं नाही. इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यातल्या हजारो लोकांच्या रक्तातलं क जीवनसत्त्व मोजून २००१ मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तात ते सर्वाधिक होतं त्यांचा मृत्यूचा धोका, ज्यांच्यात सर्वांत कमी होतं त्यांच्या जवळपास निम्मा. बातमी व्हायला एवढं पुरेसं होतं. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्याच दुसऱ्या, मोठ्या चाचणीचा निकाल आला. २०,५३६ लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले होते; एका गटाला पाच वर्षं क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटीन दिलं, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. गोळ्या घेणाऱ्यांच्या रक्तातली जीवनसत्त्वं वाढली, ठरल्याप्रमाणे. मृत्यूंत, हृदयविकारात, कॅन्सरमध्ये फरक शून्य. अलीकडे, २०२२ मध्ये, ब्रिटनच्याच सुमारे ४ लाख लोकांच्या माहितीवरून असं दिसलं की कच्च्या भाज्या खाणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो खरा, पण उत्पन्न, शिक्षण, धूम्रपान, व्यायाम यांचा हिशेब घातला की त्या फायद्याचा ८० टक्क्यांहून अधिक भाग विरून जातो. भाजी हे सुखवस्तूपणाचं लक्षण असू शकतं, ही शंका कुणा खोडसाळ माणसाची नाही. ती आकड्यांतून आलेली आहे.

कॅन्सरच्या बाबतीत तर माघार आणखी मोठी आहे. १९८१ मध्ये रिचर्ड डॉल आणि रिचर्ड पेटो या ब्रिटिश संशोधकांनी अंदाज वर्तवला की अमेरिकेतल्या कॅन्सरच्या मृत्यूंपैकी ३५ टक्क्यांचा संबंध आहाराशी असावा. त्यांनी शेजारीच लिहिलं होतं की खरा आकडा १० पासून ७० पर्यंत कुठेही असू शकतो. ३५ जगभर पाठ झाले; १० ते ७० विसरले गेले. १९९७ मध्ये कॅन्सर संशोधनाच्या जागतिक निधीने फळं-भाज्यांच्या संरक्षणाचा पुरावा अनेक कॅन्सरच्या बाबतीत ‘खात्रीलायक’ ठरवला. दहा वर्षांनी, २००७ मध्ये, त्याच संस्थेने तो ‘संभाव्य’वर आणून ठेवला. २०१० मध्ये युरोपातल्या दहा देशांच्या प्रचंड पाहणीत दिसलं की रोज २०० ग्रॅम फळं-भाजी जास्त खाण्याने कॅन्सरचा एकूण धोका जेमतेम ३-४ टक्क्यांनी कमी होतो. स्तनाच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या ३,०८८ अमेरिकी स्त्रियांपैकी निम्म्या जणींना भाज्या, भाज्यांचा रस, फळं आणि तंतुमय पदार्थ यांचा भरगच्च आहार सात वर्षं घ्यायला लावला. कॅन्सर उलटण्याचं प्रमाण एका गटात १६.७ टक्के, दुसऱ्यात १६.९. याला बरोबरीच म्हणायची. ‘फळं खा, कॅन्सर टाळा’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे आकडे एकदा वाचावेत.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे बीटा-कॅरोटीनची कथा. गाजराला केशरी रंग देणारं हे द्रव्य. ज्यांच्या आहारात ते जास्त त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी, असं पाहण्यांतून वारंवार दिसत होतं. मग फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर चाचणी घेतली. १९९४ मध्ये निकाल लागला तेव्हा बीटा-कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी वाढलेला होता. कमी नव्हे, वाढलेला. अमेरिकेत धूम्रपान करणारे आणि ॲस्बेस्टॉसच्या कामातले मिळून १८,००० हून अधिक लोकांवर अशीच चाचणी चालू होती. ती १९९६ मध्ये मुदतीआधीच गुंडाळावी लागली, कारण तिथे वाढ २८ टक्के होती. लोकांना वाचवायला निघालेली गोळी त्यांच्या जिवावर उठली.

इथवर चिकित्सक जिंकत आलेत, असं वाटेल. पण या निकालांमधून ते जो निष्कर्ष काढतात तो निघतो का? फिनलंडच्या चाचणीत गाजर कुणीच तपासलं नव्हतं. तिथे तपासली एक शुद्ध केलेली गोळी, रोज २० मिलिग्रॅम, दिवसाला वीसेक सिगारेटी ओढणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात. गोळी चालली नाही म्हणजे गाजर निरुपयोगी, हा निष्कर्ष वड्याचं तेल वांग्यावर काढण्यातला आहे. नॉरफोकच्या रक्ततपासणीचंही तेच. क जीवनसत्त्व हे फळं खाल्ल्याची खूण होतं किंवा खाऊन-पिऊन सुखी असल्याची. गोळ्यांच्या चाचणीने एवढंच सिद्ध केलं की ती खूण स्वतः काही करत नाही. उरलेल्या दोहोंपैकी खरं काय, यावर ती चाचणी गप्प आहे.

अशी गफलत वैद्यकाने आधी एकदा केलेली आहे, आणि तेव्हा तिची किंमत माणसांनी मोजली. मे १७४७. सॅलिसबरी नावाच्या ब्रिटिश युद्धनौकेवरचा शल्यवैद्य जेम्स लिंड याने स्कर्व्हीने आजारी पडलेले बारा खलाशी निवडले. हिरड्या सुजून कुजलेल्या, अंगावर डाग, गुडघ्यांत त्राण नाही. सगळ्यांना जेवण एकच. पण दोघा-दोघांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय. कुणाला सफरचंदाची दारू, कुणाला पातळ केलेलं गंधकाम्ल, कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी, कुणाला लसूण-मोहरी वगैरेंचं चाटण; आणि एका जोडीला रोज दोन संत्री, एक लिंबू. सहा दिवसांत फळं संपली. तोवर त्या दोघांपैकी एक कामावर रुजू होण्याजोगा झाला होता, आणि दुसऱ्याला बाकीच्या आजाऱ्यांच्या शुश्रूषेला लावलं होतं. वैद्यकाच्या इतिहासात याहून स्वच्छ निकाल क्वचितच सापडतील.

पण पुढे काय झालं? लिंडला स्वतःलाच आपल्या निकालाचा अर्थ लागला नव्हता. दमट हवेमुळे घाम कोंडतो आणि त्यातून स्कर्व्ही होते, अशी त्याची उपपत्ती होती. लांबच्या सफरीवर ताजी फळं टिकत नाहीत म्हणून त्याने तोडगा सुचवला तो रस तापवून, आटवून, त्याचा घट्ट अर्क करून ठेवण्याचा. तापवण्यात क जीवनसत्त्व बहुतांशी नष्ट होतं, हे त्याला कळायचं काहीच साधन नव्हतं. अर्क फसला. आरमाराने लिंबाचा रस सरसकट द्यायला सुरुवात केली ती १७९५ मध्ये, लिंडच्या पुस्तकानंतर ४२ वर्षांनी आणि तो वारल्याच्या दुसऱ्या वर्षी. स्कर्व्ही हटली. मग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर भूमध्य समुद्राकडच्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधली छोटी हिरवी लिंबं आली. त्यांत क जीवनसत्त्व मुळात कमी, त्यात रस साठवताना हवा लागून आणखी उतरायचं. १८७५ साली उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या ब्रिटिश मोहिमेत रस पिऊनही खलाशी स्कर्व्हीने आडवे झाले. आणि तज्ज्ञांनी त्यातून काय अनुमान काढलं? लिंबाचा उपाय हीच एक जुनी समजूत असावी, खरं कारण खराब झालेलं मांस असणार. एक निकस रस चालला नाही म्हणून शंभराहून अधिक वर्षांचा अनुभव खोटा ठरवला गेला. १९०७ मध्ये नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्र्योलिख यांनी गिनीपिगांना नुसत्या धान्यावर ठेवून स्कर्व्ही करून दाखवली तेव्हा गाडी रुळावर यायला लागली, आणि १९३२ पर्यंत क जीवनसत्त्वाची ओळख पटली.

कुणी म्हणेल, ही गोष्ट तर तुमच्या विरुद्ध जाते. शेवटी रहस्य एका द्रव्यातच निघालं ना? बरोबर आहे. स्कर्व्ही हा एका द्रव्याच्या अभावाचा रोग. ते द्रव्य द्या, रोग जातो. तसंच फोलिक ॲसिड या जीवनसत्त्वाचं. ज्या स्त्रियांच्या एका बाळाला मज्जारज्जूचा जन्मदोष होता त्यांना पुढच्या गरोदरपणाआधीपासून ही गोळी दिली तर तो दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटतं, हे १९९१ मध्ये सिद्ध झालं, आणि तिथे नुसत्या पालेभाज्यांवर विसंबू नये, गोळीच घ्यावी. पण अभावाच्या रोगांवर मिळालेल्या या यशाने एक खोड लावून दिली. प्रत्येक रोगामागे एक हरवलेलं द्रव्य असणार आणि प्रत्येक भाजीत एक लपलेलं औषध. साठाव्या वर्षी येणारा पक्षाघात असा नसतो. तो चाळीस वर्षांचा रक्तदाब, मीठ, वजन, तंबाखू आणि नशीब यांचा मिळून झालेला असतो. त्यात भाजी काय करत असेल तर ते एका रेणूच्या करामतीने करत नाही.

मग कशाने करते? इथे पुराव्याची साखळी बरीच जुळते, आणि ती गोळ्यांच्या चाचण्यांहून वेगळ्या ठिकाणी आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत ४५९ प्रौढांवर आहाराची चाचणी झाली. तिचं वैशिष्ट्य असं, की लोकांना ‘भाजी खा’ असं सांगून सोडलं नाही. संशोधकांनी सगळं जेवण स्वतः शिजवून दिलं. मीठ सगळ्या गटांना सारखं. वजन बदलू दिलं नाही. आठ आठवड्यांनी, ज्या गटाच्या जेवणात फळं-भाज्या वाढवल्या होत्या त्याचा वरचा रक्तदाब २.८ अंकांनी उतरला, आणि ज्यांचा मुळात वाढलेला होता त्यांचा ७.२ अंकांनी. सोबत कमी स्निग्धांशाचं दूध-दही जोडून स्निग्ध पदार्थ कमी केलेल्या गटात उतार जवळपास दुप्पट. इथे श्रीमंतीचा, शिक्षणाचा, सकाळी चालायला जाण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण कोणी काय खायचं ते चिठ्ठीने ठरलं होतं. रक्तदाब उतरला की पक्षाघात कमी होतो, याबद्दल तर कुणाचंच दुमत नाही. या उतारात पोटॅशियमचा हात असावा असं मानायला आधार आहे. चीनमधल्या ६०० खेड्यांत जवळपास २१,००० लोकांवर झालेल्या चाचणीत नेहमीच्या मिठाऐवजी पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं. सोडियम घटलं, पोटॅशियम वाढलं, आणि पाचेक वर्षांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. फळं आणि भाज्या तोंडात घास जाईल तसा हाच पालट करतात.

दुसरं काम चोथ्याचं आणि आकारमानाचं. १९७७ मध्ये ब्रिटनमध्ये एक छोटा, पण मला फार आवडणारा प्रयोग झाला. दहा निरोगी माणसांना सफरचंद तीन रूपांत दिलं: अख्खं, लगदा करून, आणि चोथा काढलेला रस. साखर तिन्हींत सारखीच. रस अख्ख्या सफरचंदाच्या अकरा पट वेगाने पोटात गेला. पोट भरल्याची भावना अख्ख्या फळाने सगळ्यात जास्त, रसाने सगळ्यात कमी. आणि रस किंवा लगदा घेतल्यावर इन्शुलिन जास्त उसळलं. सफरचंद तेच, त्यातली रसायनंही बहुतेक तीच. बदललं ते चावणं. आता ‘अमक्या फळात तमकं द्रव्य आहे’ म्हणणाऱ्यांनी सांगावं, चावण्याला किती मिलिग्रॅम धरायचे? पुढे २०१३ मध्ये १ लाख ८७ हजार अमेरिकी लोकांच्या पाहणीत अख्खी फळं, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षं, सफरचंद, खाणाऱ्यांत मधुमेह कमी, आणि फळांचे रस पिणाऱ्यांत किंचित जास्त, असं निघालं. ती पाहणीच आहे, सिद्धता नाही. पण छोट्या प्रयोगाशी तिचा मेळ बसतो. आणि दोनशे ग्रॅम भाजी ताटात आली तर दुसरं काहीतरी ताटातून जातं, ही साधी गोष्ट गोळीच्या चाचणीत कधी दिसणारच नाही. गोळी कशाचीच जागा घेत नाही.

चिकित्सकांचा शेवटचा बालेकिल्ला हा, की वर्षानुवर्षं चाललेली, मृत्यू मोजणारी, गट पाडून घेतलेली चाचणी दाखवा. अशी चाचणी सिगारेटची तरी कुठे झाली होती? डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये धूम्रपान आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवला तो रुग्णांना प्रश्न विचारून. आणि तंबाखूचे व्यापारी पुढची कित्येक वर्षं नेमकं हेच म्हणत राहिले, की संबंध म्हणजे कारण नव्हे. अर्थात हे उदाहरण मी फार ताणणार नाही. सिगारेट ओढणाऱ्याचा धोका दहा-पंधरा पटींनी वाढतो. एवढ्या मोठ्या फरकाचं श्रेय दुसऱ्या कशाला देणं अवघड. फळं-भाज्यांचा फरक दहा-वीस टक्क्यांचा, आणि दहा-वीस टक्क्यांत श्रीमंती सहज लपू शकते. म्हणून तर मी रक्तदाबाच्या चाचणीवर भार देतो, पाहण्यांच्या ढिगावर नाही. शिवाय पाहण्यांत चूक दोन्ही दिशांनी होते, हेही लक्षात ठेवावं. ‘तुम्ही रोज किती चमचे भाजी खाता’ या प्रश्नाचं उत्तर कोण अचूक देऊ शकतो? असल्या मोघम मोजणीने खरा परिणामही पुसट होतो. आणि स्तनाच्या कॅन्सरच्या त्या चाचणीत तुलनेचा गटही दिवसाला पाचाहून जास्त वाटे (एका वेळी खायचं ठराविक प्रमाण म्हणजे एक वाटा) फळं-भाजी खाणाराच होता. पोट भरलेल्याला आणखी वाढून काही झालं नाही, यावरून उपाशी माणसाबद्दल काय कळणार?

फायदा किती, याचे आकडे आता ठेवतो. २०१७ मध्ये ९५ अभ्यासांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला. रोज २०० ग्रॅम जास्त फळं-भाजीमागे पक्षाघाताचा धोका १६ टक्के कमी, हृदयविकाराचा ८, कॅन्सरचा त्याहून बराच कमी. त्याच वर्षी १८ देशांतल्या १,३५,३३५ लोकांच्या पाहणीत दिसलं की फायदा बहुतेक सगळा रोज ३-४ वाटे खाल्ले की मिळून जातो. त्यापुढे वाढवत नेलं तरी फारसा पदरात पडत नाही. या आकड्यांतला काही भाग श्रीमंतीचा आहे, असं धरून निम्मे केले तरी मला चालेल. कारण मोठा फायदा मुळात ‘जवळपास काहीच नाही’कडून ‘थोडंफार’कडे जाण्यात आहे.

यावर लगेच येणारा आक्षेप: एवढ्याने माझं काय भलं होणार? प्रामाणिक उत्तर, बहुधा काही नाही. समजा शंभरातल्या पाच जणांना पुढच्या दहा वर्षांत पक्षाघात होणार आहे. तो १६ टक्क्यांनी घटला तर पाचाचे चारच्या थोडे वर उरतील. तुम्ही नेमके त्या वाचलेल्यांत असाल याची शक्यता शंभरात एकाहून कमी. पण एक कोटी लोकवस्तीत हाच हिशेब ५ लाखांवरून ४ लाख २० हजारांवर येतो. ८० हजार घरांत एक हात, एक वाचा शाबूत राहते. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोज यांनी १९८१ मध्ये हे कोडं नेमकं मांडलं: ज्या उपायाने समाजाचं पुष्कळ भलं होतं, तो एकेका माणसाला जवळपास काहीच देत नाही. भाजीला औषध म्हणून विकणारे याच्या उलट सांगतात, तुम्हाला हमखास फायदा होईल. तो झालेला दिसत नाही, आणि मग माणूस म्हणतो, सगळं थोतांड.

पहिल्या बाजूचा हिशेब थोडक्यात आटोपतो. त्यांनी ‘अँटिऑक्सिडंट’ (पेशींची हानी रोखतात म्हणवली जाणारी द्रव्यं) या शब्दाचा इतका बाजार मांडला की अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांची अँटिऑक्सिडंट शक्ती सांगणारी आपली यादी २०१२ मध्ये मागे घेतली. परीक्षानळीतल्या त्या आकड्यांचा माणसाच्या प्रकृतीशी संबंध दाखवता येत नव्हता आणि जाहिरातदार ते सर्रास वापरत होते. याहून वाईट म्हणजे उपचार चालू असलेल्या माणसाला ‘रस घे, बरं वाटेल’ असं सांगणं. मूत्रपिंड निकामी होत आलेल्याला पोटॅशियम धोक्याचं ठरू शकतं. रक्त गोठू न देणारं वॉरफरिन हे औषध घेणाऱ्याने पालेभाज्यांचं प्रमाण अचानक वाढवलं तर त्यातलं के जीवनसत्त्व औषधाच्या आड येतं. रोग झाल्यावर भाजी हा उपचार नव्हे.

भाज्यांवरच्या कीटकनाशकांची भीती घालणाऱ्यांना एकच सांगणं. वर दिलेल्या पाहण्यांतले लाखो लोक बहुतांशी बाजारातली, फवारणी झालेलीच फळं-भाजी खात होते. जो काही फायदा दिसला तो कीटकनाशकांचा तोटा वजा जाऊनच. शेतात फवारणी करणाऱ्याच्या अंगावर काय येतं हा प्रश्न मात्र खरा आणि गंभीर आहे, पण तो खाणाऱ्याच्या ताटापाशी सुटणारा नाही.

आता मूळ मुद्दा. जागतिक आरोग्य संघटना सांगते, रोज निदान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खा. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात ‘दिवसाला पाच’ची मोहीम सुरू झाली, पुढे ती कितीतरी देशांनी उचलली. हा सल्ला पाळायला काय लागतं, याचा हिशेब २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब देशांत एका माणसाला रोज दोन वाटे फळं आणि तीन वाटे भाज्या द्यायच्या, तर कुटुंबाच्या उत्पन्नात त्या माणसाच्या वाट्याला जे येतं त्याचा निम्म्याहून अधिक भाग त्यातच जातो. श्रीमंत देशांत तोच खर्च दोन टक्क्यांच्या आत. अशा माणसाला ‘रंगीत ताट वाढा’ म्हणणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. आणि मजा अशी, की भाजी सुखवस्तूपणाची खूण आहे असं चिकित्सक म्हणतात तेव्हा ते हेच सांगत असतात. फक्त त्यातून ते ‘म्हणून भाजीचा फायदा नाही’ एवढंच काढतात, आणि ‘म्हणून ती सगळ्यांना परवडायला हवी’ हे काढायचं राहून जातं.

काय खावं ते सरकारने सांगू नये, असंही म्हणतात. नको सांगू दे. पण कोणत्या पिकाला आधार द्यायचा, कशावर कर लावायचा, शीतगृहं कुठे बांधायची, शाळेत काय वाढायचं हे सरकारं रोज ठरवतच असतात. म्हणजे कुणाच्या ताटात काय स्वस्त पडेल हेही तीच ठरवतात. ब्रिटिश आरमाराने खलाशांना लिंबाच्या गुणांवर प्रवचनं दिली नव्हती. रस शिध्यात घातला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका परगण्यात २०११-१२ मध्ये अन्नसाहाय्य घेणाऱ्या काही कुटुंबांना फळं-भाज्यांवर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे ३० सेंट परत दिले. कुणाला मिळणार हे चिठ्ठीनेच ठरलेलं. ज्यांना मिळाले त्यांचं फळं-भाज्या खाणं इतरांपेक्षा २६ टक्क्यांनी जास्त निघालं. उपदेशाने इतका बदल घडवलेला माझ्या पाहण्यात नाही.

इंग्लंडमध्ये चार ते सहा वर्षांच्या शाळकरी मुलांना रोज एक फळ किंवा भाजी फुकट देतात. त्या योजनेच्या परीक्षणात दिसलं की मुलं फळं जास्त खायला लागतात, पण वय उलटून योजनेबाहेर पडली की खाणं पुन्हा पूर्वीच्या पातळीवर येतं. हे योजनेचं अपयश म्हणून सांगितलं जातं: सवय लागली नाही, परिणाम टिकला नाही. औषधाचा कोर्स संपल्यावर गुण टिकायला हवा, ही ती अपेक्षा. पण सातव्या वर्षी फळ बंद केल्यावर मूल फळ खाईनासं झालं, यात नवल ते काय? दुपारचं जेवण बंद केलं असतं तर ते जेवायचंही थांबलं असतं. मग दोष फळ देण्यात निघाला, की सातव्या वर्षी ते बंद करण्यात?